सोजराबाईंची बिननावाची चिठ्ठी

सरावलीच्या नाक्यावर उभं राहून कुणालाही विचारा, जेवण कुठे चांगलं मिळतं. माणूस पत्ता सांगत बसणार नाही. "तो आवाज येतोय ना, त्या बाजूला जा," एवढंच म्हणेल. तो आवाज सोजराबाईंचा. बत्तीस वर्षांपूर्वी त्या बार्शीकडून नवऱ्याबरोबर इकडे आल्या. नवरा भगवंतराव तारापूर एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. सोजराबाईंनी आधी चार कामगारांचे डबे केले, मग चौदांचे, आणि मग घराच्या पुढच्या खोलीत बाकडी टाकून खानावळच काढली. एकीकडे तव्यावर ज्वारीची भाकरी, दुसरीकडे चुलीवर रस्सा, आणि दोन्हींच्या वर बाईंचा आवाज. "आरं वाढ की त्याला! बसलाय कवाधरनं!"

गंमत अशी, की एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईच्या पोटात सगळ्या वस्तीची गुपितं होती. कुणी घरी न सांगता नोकरी सोडलीय, कुणाच्या छातीत कळ येते, कुणाचं कुणाशी जमलंय. ताटावर बसलं, की माणसं बोलायची. पण सोजराबाईंकडून एक अक्षर कधी बाहेर गेलं नाही. "ज्याचं त्याचं त्याच्यापाशी," म्हणायच्या, आणि पुढची भाकरी थापायच्या.

तर अशा घरात एक दिवस साउंडबॉक्स आला. गिऱ्हाइकानं भिंतीवरचा कोड स्कॅन करून पैसे भरले, की डबा ओरडणार, "ऐंशी रुपये प्राप्त झाले!" पहिल्या दिवशी सोजराबाईंना कोण कौतुक! त्यांनी डब्याला हळदकुंकू लावलं. "अवो, माझ्यापरीस मोठा आवाज हाय याचा," असं भगवंतरावांना सांगून पोटभर हसल्या.

नवसी तेव्हा रोज दुपारच्या सुट्टीत यायची. जव्हारकडच्या डोंगरातली पोर, वय पंचवीस-सव्वीस. पावसाळ्यात नाचणी लावायची आणि पुढं आठ महिने कामाला खाली उतरायचं, हे तिच्या घरात पिढ्यांपासून. आता मात्र ती बारमाही एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कारखान्यात मुकादमाच्या टोळीत होती. नवरा सुका दातिवऱ्याला बोटीवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. खोलीत सासू आणि दीर जानू. नवसीचं बँकेचं खातं उघडलं, तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता म्हणून नंबर जानूचा दिलेला. पुढे तिनं स्वतःचा फोन घेतला, त्यावरून पैसेही भरायला लागली, पण बँकेच्या मेसेजसाठी नंबर जानूचाच राहिला. खात्यातून रुपया हलला, की जानूच्या खिशात फोन वाजायचा.

एका दुपारी नवसीनं मटणाची थाळी घेतली. दर दिवशी पिठलं-भाकरी खाणाऱ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं, स्वतःच्या पैशानं मागवलेलं ताट. हाड चोखून खाल्लं, बोटं चाटली. पैसे भरले, आणि डबा खणखणीत ओरडला, "एकशे चाळीस रुपये प्राप्त झाले!" बाकड्यावरच्या अकरा माना वळल्या. "काय नवसे, लॉटरी लागली का?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. नवसीही हसली, पण तिचे कान लाल झालेले सोजराबाईंनी पाहिले.

त्यानंतर ती आलीच नाही. बारा दिवसांनी बोईसरच्या बाजारात भेटली, तशी सोजराबाईंनी तिचा हातच धरला.

"काय गं, माझ्या हातची चव गेली का?"

"नाय मावशी. तुजा डबा बोंबलतो, नि जानूचा फोन चुगली करतो." नवसी खाली बघत म्हणाली. "घरी गेलू तं जानू बोलला, एकशे चाळीसचा काय खाल्लास? सासू बोलली, आमी हितं सुकट खातू. मी चोरी नाय केली. पन सांगावां लागला ना."

"सांगावां लागला" हे शब्द सोजराबाईंच्या काळजात रुतले. घरी आल्या आल्या त्यांनी डब्याचा आवाज बंद केला आणि त्याच्यावर परकराचं फडकं टाकलं. भगवंतराव म्हणाले, "अगं, आवाज बंद केलास तरी मेसेज जातोच की तिच्या दिराला." ते खरंच होतं. रोख काढावी, तर उरलेले पैसे रोज घरी दाखवावे लागणार.

चार दिवस सोजराबाईंच्या डोक्यात तेच. पाचव्या दिवशी त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून चौकोनी चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर खानावळीचा शिक्का मारला. चिठ्ठी पन्नास रुपयांची. महिन्याला खानावळीचे म्हणून एकदम पैसे भरायचे, तेवढ्याच्या चिठ्ठ्या न्यायच्या. महिन्याची खानावळ तर सगळेच कामगार भरतात, त्यात कुणी काय विचारणार? पिठलं खा, नाहीतर मटण खा. चिठ्ठीवर ना नाव, ना गाव.

नवसी पहिल्या दिवशी आठ चिठ्ठ्या घेऊन गेली. मग तिच्या टोळीतल्या सहाजणी आल्या. मग सरावलीतल्या बायका. आणि चिठ्ठीला पाय फुटले. दातिवऱ्याहून मासळी घेऊन येणारी रत्नाबाई दुपारी सोजराबाईंकडेच जेवायची. तिला एका बाईनं बोंबलांच्या बदल्यात चिठ्ठीच दिली.

"माना काय," रत्नाबाई म्हणाली, "पैशान जेवू का चिठ्ठीन जेवू, पोट तां एकच हाय."

मग कोपऱ्यावरचा शिंपी चिठ्ठी घ्यायला लागला. मग एक किराणावाला. मग उन्नती, जी बायकांना स्कूटी शिकवायची. सोजराबाईंकडे परत येणाऱ्या चिठ्ठ्यांना आता वास यायचे. एकीला बोंबलाचा, एकीला मशीनच्या तेलाचा. बाई त्या हुंगून बघायच्या आणि खुदकन हसायच्या. चिठ्ठी कुठे फिरून आली ते नाकाला कळायचं. कुणाकडून निघाली ते मात्र ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

पण सुख असं सरळ कुठे चालतं? एका आठवड्यात साठ चिठ्ठ्या दिल्या होत्या, परत आल्या चौऱ्याऐंशी. बोईसरला शिक्का करून देणारा दहा मिनिटांत हवा तो शिक्का करून देतो, हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. चोवीस चिठ्ठ्यांचे पैसे बुडाले.

इथे भगवंतरावांच्या अंगात त्यांचं जुनं स्टोअर संचारलं. त्यांनी नवी कोरी वही आणली, रेघा आखल्या, रकाने पाडले. चिठ्ठीवर नंबर, वहीत नंबर आणि समोर घेणारीचं नाव. "आता मार म्हणावं शिक्के!" चष्मा पुसत ते म्हणाले. वही सुरेख झाली होती. पण तिसऱ्या दिवसापासून बायका चिठ्ठ्या घ्यायच्या बंद झाल्या.

"का गं?" सोजराबाईंनी नवसीला विचारलं.

"मावशी, त्या वहीत माजा नाव हाय. नि शिंप्याकडं माजा नंबर. कोनी जोडला तं?"

त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं चांगलंच वाजलं. "वहीशिवाय हिशेब कसा व्हायचा, सोजर?" भगवंतराव म्हणाले. "वहीला तोंड न्हाई म्हणून काय झालं," सोजराबाई कडाडल्या, "डोळं तर हायत! त्यो डबा बरा, निदान वरडून तरी मोकळा हुतो. तुमची वही गप ऱ्हाऊन समदं ध्यानात ठिवती." भगवंतरावांचं म्हणणंही खोटं नव्हतं. नंबर नाही तर लबाडी, आणि नंबर आहे तर चुगली. दोघं तोंड फिरवून बसली.

तोड सापडली ती भगवंतरावांच्या पत्र्याच्या पेटीत. स्टोअर बंद झालं, तेव्हा त्यांनी आठवण म्हणून कार्बन पेपरचा एक गठ्ठा आणि आकडे फिरवायचा सहा चाकांचा शिक्का घरी आणला होता. कार्बन आता कोण वापरतो! पण फेकवत नव्हता. एका सकाळी त्यांनी गॅसवाल्याच्या पाकिटावर सही केली. पाकिटात चुकून पेटीतल्या कार्बनचा तुकडा गेलेला. सोजराबाईंनी आतलं बिल बाहेर काढलं, तर त्यावर भगवंतरावांची सही जशीच्या तशी! आणि ती सही म्हणजे काय साधी होती? तीन वेटोळी, एक शेपूट आणि शेपटाला गाठ. कारखान्यात चौघांनी नक्कल करून पाहिली होती, चौघेही पकडले गेले होते.

सोजराबाई बिल हातात धरून उभ्याच राहिल्या. भाकरी करपली.

"अवो," त्या हळू म्हणाल्या. त्या हळू बोलल्या म्हणूनच भगवंतराव दचकले. "आत काय लिव्हलंय ते न बघता सही हुतीया की!"

भगवंतरावांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या सोमवारपासून नवी पद्धत सुरू झाली. आतल्या खोलीला पडदा लावला. पैसे भरणारीनं पडद्याआड जायचं, सहा चाकं हवी तशी फिरवायची आणि कोऱ्या चिठ्ठीवर आकडा उमटवायचा. अक्षर कुणाचंच नाही, म्हणजे अक्षरावरून ओळखायची भीती नाही. मग चिठ्ठी पाकिटात, वर कार्बन, पाकीट बंद. बाहेर येऊन भगवंतरावांपुढे धरायचं. ते पाकिटावरून सही करणार, आतला आकडा त्यांना दिसणारच नाही. पाकीट फोडून चिठ्ठी आपल्याकडे. खर्च करायला गेलं, की दुकानदार फक्त आकडा सगळ्या दुकानांच्या ग्रुपवर टाकणार. आकडा आधी येऊन गेला असेल, तर चिठ्ठी बाद. नसेल, तर माल द्यायचा, चिठ्ठीचा कोपरा फाडायचा आणि नंतर सही करणाऱ्याकडून पैसे घ्यायचे. आकडा सगळ्यांना दिसतो, माणूस कुणालाच नाही.

पहिल्या दिवशी तिघींनी एकच आकडा लावला, एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. पहिलीला चादर शिवून मिळाली आणि दुसऱ्या दोघी दारात रडकुंडीला आल्या. सोजराबाईंनी दोघींना जेवू घातलं आणि पडद्यावर पाटी लावायला सांगितली, "डोळे मिटून चाकं फिरवा." त्यानंतर तो घोळ झाला नाही.

पुढे भगवंतराव भाच्याच्या लग्नाला आठ दिवस बार्शीला गेले आणि सरावलीचा अर्धा व्यवहार ठप्प झाला. सहीच नाही! परत आले, तर उन्नतीनं त्यांना बाकड्यावर बसवलं. "काका, एका माणसाच्या हातावर सगळं नको." तेव्हापासून पाच दुकानं सही करायला लागली, प्रत्येकाकडे आपलं पाकीट, आपला कार्बन. जो सही करेल, त्यानं त्या चिठ्ठीचे पैसे द्यायची जबाबदारी घ्यायची. रत्नाबाईला सही येत नव्हती. तिनं माशाचं चित्र काढायला सुरुवात केली. तो मासा इतका झोकदार, की बायका मुद्दाम तिच्याकडून सही घ्यायच्या. भगवंतराव दोन दिवस खट्टू होते. मग मालकपण गेलं तशी दुपारची झोपही मिळायला लागली, आणि ते खूश झाले.

त्यांची मुलगी अर्चना पुण्यात पैसे पाठवायच्या अॅपांचं सॉफ्टवेअर लिहायची. सुट्टीला आली. आईचा फोन चाळता चाळता तिला तो ग्रुप दिसला. नुसते आकडे. 403917. 882650. 071344. ना शुभ सकाळ, ना फुलं.

"आई, हे काय आहे?"

सोजराबाईंनी सांगितलं. अर्चना आधी ऐकत राहिली, मग जमिनीवर बसून हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आई, जगातली मोठमोठी डोकी यासाठी गणितं मांडून बसलीत! पैशाचं असं जाळं, ज्याला मालक नाही. नोंद सगळ्यांपुढे उघडी, पण कुणी कुणाला दिले ते कळत नाही. अगदी न बघता सही करायचं गणितसुद्धा आहे. आणि तू ते कार्बन पेपरवर..." तिला पुन्हा हसू आलं. मग मात्र गंभीर झाली. "पण एक सांगू? या आडोशाला चोरही येऊन बसतात. तिकडे हीच भांडणं चालू आहेत."

"पडदा हाय म्हणून चोरी हुती असं न्हवं, बाळा. न्हाणीला पण दार असतंच की. म्हणून आंघोळ करणारा काय चोर असतोय?" सोजराबाई म्हणाल्या. पण लेकीचं बोलणं त्यांनी उडवून लावलं नाही. दुसऱ्याच दिवशी पाचही दुकानं बसली आणि ठरलं, की एका वेळी दहाच्या वर चिठ्ठ्या कुणाला द्यायच्या नाहीत, दारू आणि मटक्यावाल्याकडून चिठ्ठी घ्यायची नाही, आणि आपल्या पाच-सात दुकानांच्या बाहेर ती जाऊ द्यायची नाही.

दिवाळीनंतर मुकादम दादू खानावळीत आला. टोळीतल्या बायकांनी दिवसाचा रोज वाढवून मागितला होता आणि दादूला वास लागला होता, की काहीजणी गाठीला पैसा बांधून आहेत. ज्या बाईच्या गाठीला चार पैसे, ती उचलीसाठी हात पसरत नाही, आणि जी हात पसरत नाही, ती मुकादमाला जुमानत नाही. तो जेवला, ढेकर दिली आणि गोड आवाजात म्हणाला, "बाई, नव्या साइटवर माझी चाळीस माणसं आहेत. रोज चाळीस डबे. तुम्हालाच द्यायचे म्हणतोय."

चाळीस डबे! सोजराबाईंच्या हातातलं उलथणं थांबलं.

"फक्त एवढं सांगा," दादू पुढे झुकला, "माझ्या टोळीतल्या कोण कोण चिठ्ठ्या घेतात आणि कशावर उडवतात. नवसी तर घेतेच ना?"

सोजराबाईंनी आयुष्यभर गुपितं सांभाळली होती. पण प्रत्येक वेळी जीभ चावून धरावी लागायची. आज तशी वेळच आली नाही. त्यांनी मनात शोधून पाहिलं. खरंच काही नव्हतं. सगळी सरावली पाकिटं धरून येते. कोण बोंबील घेतं, कोण ब्लाउज शिवतं, कोण चिठ्ठ्या गादीखाली ठेवतं, काय माहीत!

"मला ठाव न्हाई," त्या म्हणाल्या.

"असं कसं? तुमचंच तर सुरू केलेलं."

"हे घ्या." त्यांनी फोनच त्याच्या हातात दिला. दादूनं ग्रुप वर सरकवला, खाली सरकवला. बोट दुखेपर्यंत आकडे.

"हे काय, लॉटरीचे नंबर?"

"सही करणारे हे बसलेत, विचारा."

भगवंतरावांनी पेपर खाली केला. "मी पाकिटावर सही करतो. आत काय, ते मला दिसत नाही. वही ठेवली होती, पण हिनं चुलीत घातली."

दादू एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. ही माणसं लपवत असती, तर त्यानं दम दिला असता, लालूच वाढवली असती. पण जे यांच्याकडे नाहीच, ते काढून कसं घ्यायचं? उठला आणि ताटाचे पैसे ठेवून गेला. चाळीस डबे गेले. पण त्या दिवशी सोजराबाईंनी भाकऱ्या थापल्या त्या गाणं म्हणत. बायकांचा रोज वाढला की नाही? पंधरा दिवसांनी वाढला. सगळा मागितला तेवढा नाही, पण वाढला.

जानेवारीत सुट्टीच्या दिवशी सकाळी बाहेर हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग लांबलचक. सोजराबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. पिवळी स्कूटी, वर नवसी, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर हेल्मेट. मागे तिची सासू, डोळे गच्च मिटून सुनेच्या कमरेला घट्ट मिठी मारलेली.

"अगं बया!" सोजराबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"जुनी घेतली, हप्त्यावर," नवसी म्हणाली. दात चमकत होते. "चार महिने उन्नतीताईकडं शिकलू. समदी तुज्या चिठ्ठ्यांवर. लायसन पन काढला. तवा घरी सांगितला. आधी सांगितला असता तं शिकूच नसता दिला."

"आन् जानू?"

"दोन दिस बोलला नाय. तिसऱ्या दिशी बोलला, वयनी, माला स्टेशनवर सोडशील काय?"

सासूनं एक डोळा उघडला. "थांबली काय?"

"थांबली, आय. उतर."

म्हातारी उतरली, बाकड्यावर टेकली आणि आधी पाणी मागून मग मटणाची थाळी मागवली. पोलक्यातून घडी केलेल्या तीन चिठ्ठ्या काढून भगवंतरावांपुढे ठेवल्या. तिन्हींवर रत्नाबाईचा मासा होता. नवसी बघतच राहिली. "आय, तुजेकडं चिठ्ठी?"

"तुला काय करायचां?" म्हातारी म्हणाली आणि ताटाकडे वळली.

सोजराबाई इतक्या हसल्या, की समोरच्या चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या. मग नवसीनं मागची सीट थोपटली. "चल मावशी. चिंचणीच्या समुद्रावर जाव."

"मी? आन् तव्यावरचं?"

"भाकरी मी टाकतो," भगवंतराव आतून म्हणाले. ते ऐकून सोजराबाईंना आणखीच हसू आलं. पण त्यांनी हात धुतले, कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि स्कूटीवर बसल्या. बत्तीस वर्षं इथं राहून समुद्र त्यांनी चार-पाच वेळाच पाहिला होता, तोही पाहुण्यांच्या निमित्तानं.

पहिल्या गतिरोधकाला त्या किंचाळल्या. दुसऱ्याला नवसीवर ओरडल्या. बोईसर मागे पडलं, वाऱ्याला खारा वास यायला लागला, तेव्हा त्यांनी नवसीच्या कानाशी तोंड नेलं.

"जरा जोरात घे की गं!"